तंबू आणि खोपट

"घर हाय ना तुमचं? मग उघड्यावर कशाला निजता?"

हा प्रश्न २०२१ सालच्या आश्विनअखेरचा. कर्जत तालुक्यात आंबिवलीच्या अलीकडे, हळवे भात कापून मोकळ्या झालेल्या एका खाचरात आम्ही तंबू उभारत होतो. जमीनमालक माझ्या एका सहकाऱ्याचा आप्त, तेव्हा परवानगी रीतसर होती. शेजारच्या खाचरात निमगरव्या भाताची कापणी चालू होती. कापणाऱ्यांत एक कातकरी बाई होती, माझ्या पत्नीच्याच वयाची असावी. दुपारची पेज पिऊन ती बांधावर येऊन उभी राहिली आणि आमची खटपट पाहत राहिली. लवचिक काठ्या एकमेकींत बसवून धाकटीने तंबूला पाठीचा कणा दिला, थोरल्याने खुंट्या मारल्या, आणि निळ्या कापडाचे एक घर पाच मिनिटांत उभे राहिले. तेव्हा तिने माझ्या पत्नीला हा प्रश्न विचारला. आवाजात टोमणा नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते.

"मुलांना हौस आहे," पत्नी म्हणाली.

"हौस!" एवढेच म्हणून ती हसली आणि पुन्हा विळा घेऊन ओळीत जाऊन बसली.

उत्तर खोटे नव्हते. पण ते अपुरे आहे हे आम्हां दोघांनाही त्याच रात्री जाणवले. ज्याला छप्पर आहे त्याने मुद्दाम छपराबाहेर निजावे, ज्याच्या घरी गॅस आहे त्याने तीन दगडांवर भात शिजवावा, यात नेमके काय आहे? आणि जिला रोजच तीन दगडांवर शिजवावे लागते तिच्या डोळ्यांदेखत ते करणे कितपत योग्य? प्रश्न लहान दिसतो, पण त्याने मला पुढची तीन वर्षे सोडले नाही.

आधी आमची बाजू मांडतो, कारण ती अगदीच पोकळ नाही. आम्ही वसईकर. वाडीत वाढलेली माणसे. केळीच्या सावलीत आणि बावखलाच्या काठावर आमचे बालपण गेले. आमच्या मुलांना ते मिळाले नाही. आजोबांच्या वाडीचा जो तुकडा आज आमच्याकडे उरला आहे त्याच्या तिन्ही बाजूंनी इमारती आहेत आणि सूर्य तेथे दहानंतर पोहोचतो. मुलांना माती दाखवायची तर आता कर्जतची गाडी धरावी लागते. दिवाळीच्या सुट्टीत मधल्या वारी निघायचे, म्हणजे गर्दी नसते आणि रविवारची मिस्साही चुकत नाही, असा आमचा क्रम ठरून गेला. कर्जतला उतरावे, सहा आसनी रिक्षाने आंबिवली गाठावी, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पेठच्या किल्ल्याची वाट धरावी. नकाशात त्याचे नाव कोथळीगड. माथ्याच्या सुळक्याच्या पोटात कातळ कोरून काढलेला जिना आहे; अंधारातून एकेक उंच पायरी चढत माणूस अचानक आभाळात डोके काढतो.

शरदातली ती पहाट मी कशाशी तोलू? पावसाळ्यात हीच वाट चिखलाची आणि जळवांची असते. उन्हाळ्यात नुसती भाजते. आश्विन-कार्तिकात मात्र तिला काही आठवडे मिळतात. सोनकीचा पिवळा रंग उतरणीला लागलेला, गवत कमरेइतके उंच आणि टोकाला तांबूस, ओढ्यात पाणी अजून बोलते आहे, आणि खाली खाचराखाचरांतून कापलेल्या भाताचा तो गोडसर, थोडा कुबट वास. कर्जतला भाताचे जुने संशोधन केंद्र आहे; कर्जत-३ हे हळवे वाण तेथलेच, म्हणून दसऱ्याच्या सुमारासच काही खाचरे मोकळी दिसतात आणि काही अजून सोन्यासारखी उभी असतात. रात्री तंबूच्या कापडावर दव पडल्याचा आवाज येतो. घरी चार खोल्यांत चार तोंडे करून बसणारे आमचे कुटुंब त्या दीड हात उंचीच्या कापडाखाली एकमेकांच्या श्वासांच्या अंतरावर निजते. थोरला, जो घरी विचारल्याशिवाय बोलत नाही, त्याने आपल्या परीक्षेतल्या अपयशाची गोष्ट पहिल्यांदा तेथेच सांगितली. अंधार होता, तोंडे दिसत नव्हती, म्हणून सांगू शकला. एवढ्या एका रात्रीसाठीसुद्धा मी तंबूचा ऋणी आहे.

ही कल्पना नवी नाही. १९०७ साली बेडन-पॉवेल यांनी ब्राउनसी बेटावर मुलांचे पहिले शिबिर भरवले. उघड्यावर निजल्याने शील घडते ही श्रद्धा तेथून जगभर गेली आणि आपल्या मिशनशाळांतूनही आली. योगायोग असा की त्याच वर्षी नेरळहून माथेरानची छोटी गाडी धावू लागली. माथेरान कर्जत तालुक्यातच मोडते. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी त्याचा 'शोध' लावला असे पुस्तके सांगतात. डोंगराच्या अंगाखांद्यावर ठाकर, कातकरी आणि धनगर तेव्हाही राहतच होते. ते कोणाला सापडायचे राहिले होते, हे मात्र पुस्तके सांगत नाहीत.

आता दुसरी बाजू. ती मला एका सामाजिक कार्यकर्तीने ऐकवली, आणि थोडी कठोरपणेच. या दोन तालुक्यांतली कातकरी कुटुंबे भाताची कापणी-झोडणी उरकली की वाडी सोडतात. दिवाळी होते न होते तोच ठेकेदाराची गाडी येते. पावसाळ्यात, घरात दाणा नसताना, जी 'उचल' घेतलेली असते ती फेडायला वीटभट्टीवर जायचे; काहींनी कोळसा पाडायला घाटापलीकडे, थेट कर्नाटकापर्यंत. बोजक्यात दोन भांडी, एक प्लास्टिकचे कापड, कोंबडी, आणि कडेवर शाळेतून उचललेले मूल. भट्टीच्या कडेला कच्च्या विटा रचून, वर पेंढा आणि ते कापड टाकून खोपट उभे करायचे आणि पाऊस पडेपर्यंत त्यात राहायचे. वेठबिगारीचा कायदा १९७६ सालीच झाला. उचल मात्र चालूच आहे.

"म्हणजे असे पाहा," ती म्हणाली, "एकाच आठवड्यात, एकाच स्टेशनातून दोन कुटुंबे उघड्यावर राहायला निघतात. एक मौजेने, दुसरे कर्जाने. पहिल्याने दुसऱ्याच्या जगण्याचा खेळ केला तर दुसऱ्याला काय वाटत असेल?"

मी निरुत्तर झालो. पुढे विचार करताना वाटले, की 'खेळ' हा शब्द येथे फार काम करतो, आणि सगळेच बरोबर करतो असे नाही. उपवास करणारा भुकेल्याची थट्टा करतो का? आपण चाळीस दिवसांच्या उपवासकाळात एक जेवण सोडतो तेव्हा भुकेने मरणाऱ्याच्या दुःखाचे नाटक करीत नसतो. किंवा, खरे सांगायचे तर, कधी कधी करीत असतोही. कृती एकच, तिची थट्टा होते की साधना, हे ती कृती माणसाला कोणाच्या जवळ नेते यावर ठरते. उपवासाचे वाचलेले अन्न ज्याच्या ताटात जात नाही त्याचा उपवास म्हणजे पथ्य. वाईट नव्हे, पण पथ्यच.

पण हा दृष्टान्त पुरेसा नाही. उपवासात सुख नसते. तंबूत ते आहे, आणि मला ते लपवायचे नाही. सुखाची गोष्ट करायची तर जुन्या करारातल्या एका सणाकडे वळावे लागते.

लेवीय आणि अनुवाद या पुस्तकांत मंडपांच्या सणाची आज्ञा आहे. वर्षाचे पीक साठवून झाले, खळे आणि द्राक्षकुंड रिकामे झाले, की शरदात सात दिवस इस्राएलाने आपली घरे सोडून झाडांच्या फांद्यांच्या मांडवांत राहावे. म्हणजे ज्याला आम्ही हौस म्हणालो ती तेथे आज्ञा आहे, तीही कुटुंबासकट पाळायची! रायगडच्या किनाऱ्यावर शतकानुशतके मराठी बोलत राहिलेल्या बेने इस्राएल समाजाच्या सभास्थानांत हा मांडव घातला जात आला आहे. तेव्हा हा सण आपल्याला तितका परकाही नाही. कारण दिले आहे तेही विचार करण्यासारखे. मिसरातून बाहेर पडल्यावर तुमचे पूर्वज असेच मांडवांत राहत होते, हे पुढच्या पिढ्यांना कळावे. कोठारे भरलेली असतानाच ही आठवण करून द्यायची, कारण रिकाम्या कोठाराला आठवण करून द्यावी लागत नाही.

अनुवादात आणखी एक गोष्ट आहे, आणि माझा काटा तेथे अडकला. आनंद करा, अशी तेथे आज्ञा आहे; पण कोणाबरोबर, हेही सांगितले आहे. मुलगा आणि मुलगी आहेत. दास आणि दासी आहेत. लेवी आहे, ज्याला स्वतःची जमीन नाही. मग परका, पोरका आणि विधवा. या यादीतली पहिली दोन माणसे आमच्या तंबूत होती. बाकीची बांधापलीकडे भात कापीत होती.

याच पुस्तकांत शेताचे कोपरे कापू नका, सांडलेली कणसे वेचू नका, ती गरिबासाठी राहू द्या, अशीही सांगी आहे. तीही कर्जतला डोळ्यांनी दिसते. कापणी झालेल्या खाचरात कातकरी बायकामुले पडलेल्या लोंब्या वेचतात, बांधातली उंदरांची बिळे खणून उंदरांनी साठवलेले भात काढतात. कोणी शेतकरी हटकतो, पुष्कळसे दुर्लक्ष करतात. तंबूच्या खुंट्या मारताना आमच्याच पायांखाली अशा लोंब्या चिरडल्या गेल्या होत्या. त्या दिवशी मला त्या केवळ टोचणारा काडीकचरा वाटल्या.

आता मला इर्शाळवाडीबद्दल लिहिले पाहिजे, आणि ते सोपे नाही.

खालापूर तालुक्यात चौकच्या वर इर्शाळगड उभा आहे. माथ्याजवळ आरपार भोक असलेला त्याचा सुळका द्रुतगती मार्गावरूनही ओळखू येतो. त्याच्या कुशीत ठाकरांची इर्शाळवाडी होती. गाडीरस्ता नव्हता; पायथ्यापासून चढूनच जावे लागे. गडावर जाणारा प्रत्येक जण वाडीतून जाई, आणि परतताना कोणाच्या तरी ओटीवर टेके. २०१८ च्या दिवाळीनंतर आम्हीही टेकलो. तांदळाची भाकरी, पिठले, कांदा. पैसे विचारले तेव्हा घरधनीण म्हणाली, "द्या काय द्यायचं ते." मी दिले. मला वाटले जरा जास्तच दिले, आणि उतरताना त्या समाधानात उतरलो.

१९ जुलै २०२३ च्या रात्री, मुसळधार पावसात, डोंगराचा कडा वाडीवर आला. सुमारे सव्वादोनशे वस्तीची ती वाडी. सत्तावीस मृतदेह काढता आले. सत्तावन्न माणसे बेपत्ता राहिली आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. दरडींचा धोका असलेल्या गावांच्या सरकारी यादीत वाडीचे नाव नव्हते. आश्रमशाळेत राहणारी काही मुले त्या रात्री घरी नव्हती, म्हणून वाचली. यंत्रे वर नेता येईनात. माणसांनी फावड्यांनी आणि हातांनी चिखल उपसला. मदतीला धावलेला नवी मुंबई अग्निशमन दलाचा एक अधिकारी ती चढण चढतानाच हृदयविकाराने गेला. वाचलेले लोक आधी कंटेनरच्या घरांत राहिले. पुढे सिडकोने चौकजवळ त्यांच्यासाठी वसाहत बांधली.

त्या पहाटे वाट माहीत असलेले कोण होते? आसपासचे गावकरी, आणि खोपोली-कर्जत भागातली डोंगर हिंडणारी मुले. ज्या वाटेवर ती आयुष्यभर मौजेने चढली होती तीच वाट त्यांना काळोखात, पावसात पायांना पाठ होती. मी वसईत दूरदर्शन संचासमोर बसलो होतो आणि मला त्या घरधनिणीचे नावही ठाऊक नव्हते. सत्तावन्नांत ती आहे का, वसाहतीत आहे का, हे शोधायला माझ्याजवळ काहीच नव्हते. चेहरा आठवत होता, पिठल्याची चव आठवत होती. नाव विचारले नव्हते, कारण पैसे दिले होते. त्या वर्षी दोन नोव्हेंबरला, सकल मृतांच्या दिवशी, आम्ही कबरस्तानात फुले वाहून घरी आलो. रात्रीच्या प्रार्थनेत धाकटीने विचारले, "त्या भाकरीवाल्या काकूंचे नाव काय घ्यायचे?" कोणीच बोलले नाही.

गिऱ्हाईक आणि पाहुणा यांत फरक असतो तो मला येथे समजला. गिऱ्हाइकाचा हिशेब पैसे मोजले की पुरा होतो. पाहुण्याचा होत नाही. त्याच्याकडे परत जावे लागते, निदान चौकशी तरी करावी लागते. जुनी माणसे ज्याच्या घरचे मीठ खाल्ले त्याचे नाव विसरत नसत. पैसे देऊ नयेत असे मला मुळीच म्हणायचे नाही. वाट दाखवणाऱ्या पोराला, जेवण रांधणाऱ्या बाईला पुरेपूर मोल मिळालेच पाहिजे, आणि ते घासाघीस न करता. पण मी त्या शंभर-दोनशे रुपयांनी माझी तिच्याबद्दलची सगळी उत्सुकता विकत घेऊन संपवली होती.

मुंबईचे या दोन तालुक्यांशी फार जुने देणेघेणे आहे. खोपोलीच्या वीजघरातून १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज गेली, भिवपुरीहून १९२२ पासून. खालापुरातल्या मोरबे धरणाचे पाणी नवी मुंबई पिते. आणि आता हे तालुके आपले शनिवार-रविवारही देतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या मुलखातल्या कित्येक आदिवासी वाड्या एप्रिलमध्ये हंडाभर पाण्यासाठी चालतात, आणि त्याच एप्रिलमध्ये फार्महाऊसच्या हिरवळीवर कूपनलिकेचे फवारे उडतात. ती हिरवळ मी पाहिली आहे. अनवाणी चाललोही आहे. फार मऊ होती.

२०२२ मध्ये आम्हांलाही असाच एक तुकडा घेण्याची संधी आली. दहा गुंठे, ओढ्याकाठी, दोन आंबे आणि एक जांभूळ. आमच्या नावावर वसईचा सातबारा असल्याने शेतजमीन घेण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. पत्नीने वहीत वाफेसुद्धा आखले: दसऱ्यानंतर मेथी, मुळा, लाल माठ, कडेने झेंडू, भात कापलेल्या ओलीवर वाल. मला मोह झाला, तो आजही गेलेला नाही. वसईची वाडी बिल्डरांच्या घशात जाऊ नये म्हणून फादर दिब्रिटोंच्या मागे मोर्चात चाललेले आम्ही. त्याच वाडीच्या उरल्यासुरल्या तुकड्याचे पैसे करून दुसऱ्याच्या गावी वाडी घ्यायची, यात काहीतरी वाकडे आहे असे मला वाटे. पत्नी म्हणे, "आपण नाही घेतली तर दुसरा घेईल आणि पोहण्याचा तलाव बांधेल. आपण निदान वाल लावू." तिचे म्हणणे मला अजून खोडता आलेले नाही. आम्ही जमीन घेतली नाही हे खरे. पण ते तत्त्वाने की भाव परवडला नाही म्हणून, याची शपथ मी घेणार नाही.

त्याच वर्षी ती कातकरी बाई पुन्हा भेटली. या वेळी आम्ही आधी नाव विचारले. तिने सांगितले आणि आमचे विचारले. तिने आम्हांला आपले खोपट दाखवले. ज्या जागेवर ते उभे होते ती जागा तिची नव्हती. कोणाची आहे ते तिला नीट सांगता येईना. पाठीमागे चार हात जमिनीत तिने वाल टोकले होते, नुकते दुपानी झालेले. मला हिशेब लागेना. वाल शेंगेवर येणार पौष-माघात, आणि ही दिवाळीनंतर भट्टीवर.

"मग खाणार कोण?" मी विचारले.

"जो असंल तो खाईल. भुई ओली हाय, मंग मोकळी कशाला ठेवू?"

निघताना तिने धाकटीच्या ओंजळीत मूठभर वाल घातले. वसईच्या आमच्या तुकड्यात, जेथे सूर्य दहानंतर येतो, तेथे धाकटीने ते कुंपणाकडेने लावले. सावलीमुळे शेंगा थोड्या आल्या. कुंपणाबाहेर लोंबणाऱ्या शेंगा इमारतीतली मुले तोडत, आणि मी ओरडायला निघालो की धाकटी मला थांबवी.

२०२३ च्या शरदात आम्ही कोठेच गेलो नाही. २०२४ मध्ये गेलो. घरी भिजवून, सोलून, वाळवलेले वाल पत्नीने डब्यात घेतले होते, तिच्याच बियांचे. या खेपेला तंबू ठोकण्याआधी तिच्याकडे जायचे, तिला आणि तिच्या पोरांना रात्री जेवायला बोलवायचे, असे ठरले होते. तिच्या प्रश्नाचे उत्तरही मी मनात जुळवून ठेवले होते. घर असून उघड्यावर का निजतो, हे तिला सांगताना मांडवांचा सण सांगावा, की थोरल्याची ती रात्र सांगावी, याचा विचार मी गाडीत करीत होतो. मुलाच्या परीक्षेमुळे त्या वर्षी आम्हांला निघायला दिवाळीनंतर आठवडा झाला होता.

खोपटाच्या दाराला सुतळी बांधलेली होती. पाठीमागे वाल टोकलेले होते, वीतभर वाढलेले. शेजारच्या म्हातारीने सांगितले, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी आली. कोणत्या भट्टीवर नेले, हे तिला ठाऊक नव्हते. वालाचा डबा तिने ठेवून घेतला आणि आम्हांला बसायला गोणपाट टाकले.